‘वाचून सही करा’ म्हणणाऱ्यांना एक उत्तर : बँकांपासून ग्राहकाचे रक्षण हे सरकारचे काम आहे की नाही?

मुलुंडचा हिशेबनीस (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात ‘खुला बाजार’ या सदस्यांनी येथे एक टिपण लिहिले. त्याचा गोषवारा असा की, बँक आणि ग्राहक यांच्यामध्ये सरकारने नाक खुपसू नये. बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल, ग्राहक आयोग आणि रिझर्व्ह बँकेची परिपत्रके हा प्रौढ माणसांना बोट धरून चालवण्याचा खर्चिक खटाटोप आहे. आणि ज्याला फसायचे नाही त्याने ‘वाचून सही करावी’. त्या टिपणाखाली वाहवा करणाऱ्यांची रांग पाहून मी चार दिवस गप्प राहिलो. पाचव्या दिवशी राहवले नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा.

मी चौतीस वर्षे लोकांचे हिशेब तपासले. कागद वाचल्याशिवाय सही करणे माझ्या हाताला जमतच नाही. २००९ साली घेतलेले गृहकर्ज मी २०१६ मध्ये मुदतीआधी फेडले. शेवटच्या रकमेची पावती होती, काही देणे उरले नसल्याचा दाखला होता, आणि तरीही घराचे मूळ दस्त हातात पडायला साडेपाच महिने लागले. शाखेत विचारले की कागद ‘मध्यवर्ती गोदामात’ असत, आणि त्या गोदामाला दूरध्वनी नसे. दरम्यान घर घेऊ पाहणारा माणूस कंटाळून दुसरीकडे गेला. करारनाम्याचे एकूण एक पान मी वाचले होते. हप्ता किती तारखेला भरायचा आणि उशीर झाल्यास दंड किती, हे त्यात ठळक अक्षरांत होते. कर्ज फिटल्यावर बँकेने कागद किती दिवसांत परत करायचे, याबद्दल एक ओळ नव्हती. जी ओळ छापलेलीच नाही, ती मी वाचणार कशी?

माझ्या भाच्याने २०२४ मध्ये आपले कर्ज फेडले. त्याला दस्त अठराव्या दिवशी मिळाले. बँकेला अचानक माणुसकीचा पाझर फुटला असे मला वाटत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने फर्मावले की, १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत केले पाहिजेत, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई दिली पाहिजे. गोदामाला त्यानंतर दूरध्वनी मिळाला असावा.

खुला बाजार

हिशेबनीस काकांच्या वयाचा आणि कळकळीचा मान राखून सांगतो की, त्यांनी माझ्या टिपणातील निम्मे वाचले आणि निम्मे स्वतः रचले. माझा आक्षेप नियमांना सरसकट नाही. सरकारी शिक्क्यामुळे लोकांच्या डोक्याला जी सुस्ती येते, तिला आहे.

पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचेच पाहा. भांडुपला मुख्यालय असलेल्या त्या बँकेवर देखरेख नव्हती असे कोणी म्हणेल काय? परवाना होता, तपासण्या होत होत्या, लेखापरीक्षण होत होते. तरीही एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जे एकवीस हजारांहून अधिक बनावट खात्यांच्या आड दडलेली होती, आणि २४ सप्टेंबर २०१९ रोजी ठेवीदारांना कळले की पुढील सहा महिन्यांत स्वतःच्या खात्यातून त्यांना फक्त १,००० रुपये काढता येतील. त्या दारावर ‘रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली’ ही पाटी नसती, तर आयुष्यभराची पुंजी ठेवण्यापूर्वी लोकांनी चार प्रश्न तरी विचारले असते. कुंपणावर विसंबून शेताची राखण सोडून दिली, आणि कुंपण कागदाचे निघाले.

आणि हा सारा डोलारा फुकट उभा राहत नाही. बँक अडचणीत आली तर ठेवीदाराला ठरावीक रक्कम देणाऱ्या ठेवविम्यासाठी २०२० पासून शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला १२ पैसे असा हप्ता बँका भरत आल्या. उत्तम चाललेली बँक आणि बुडत चाललेली बँक, दोघींना एकच दर. चांगल्याने वाइटाचा भार वाहायचा, हे ग्राहकरक्षण कसे, ते काकांनी समजावून सांगावे. अमेरिकेने तर २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेच्या कर्मचाऱ्यांना काम थांबवण्याचा आदेश दिला. तेथे आकाश कोसळल्याचे ऐकिवात नाही.

फोर्टचा वकील

आकाश आधी कोसळले होते, म्हणूनच ती संस्था जन्मली. २००८ साली तेथील गृहकर्जांचा बाजार बसला, त्यानंतर २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने ती उभी राहिली आणि २०११ मध्ये तिचे काम सुरू झाले. वेल्स फार्गो बँकेच्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावावर लाखो खाती उघडली होती. त्याबद्दल २०१६ मध्ये या संस्थेने त्या बँकेला १० कोटी डॉलरचा दंड ठोठावला. खातेच परस्पर उघडले गेले असेल, तर ‘वाचून सही करा’ हा उपदेश त्या ग्राहकाने कोणत्या कागदावर आचरणात आणायचा होता?

विम्याच्या हप्त्याबद्दल आपण जे म्हणता, ते जोखमीनुसार दर ठरवण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर करून मान्यच केले आहे. म्हणजे नियमात दोष होता, तो दाखवला गेला आणि दुरुस्तीला घेतला गेला. छप्पर गळते म्हणून आपण घर पाडायला निघाला आहात.

विलेपार्ल्याच्या बाई

मला या चर्चेतील कायदेशीर बारकावे कळत नाहीत, परंतु ‘वाचून सही करा’ हे शब्द ज्यांना सुचतात त्यांनी एकदा वाचून दाखवावे, ही विनंती. मी तीस वर्षे मराठी शाळेत शिकवले. ज्या बँकेत माझे निवृत्तिवेतन जमा होते, तेथील एका गोड बोलणाऱ्या मुलाने मला ‘मुदतठेवीपेक्षा जास्त व्याज’ म्हणून एक योजना दिली. ती आयुर्विम्याची पॉलिसी निघाली, दरवर्षी दीड लाख भरण्याची, दहा वर्षे. माझे वय तेव्हा एकोणसत्तर होते. अर्ज पूर्ण इंग्रजीत, अक्षरे मुंगीएवढी, आणि सह्या करण्याच्या जागी त्या मुलाने आधीच पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या होत्या. बँकेत तक्रार केली तर ‘हे उत्पादन आमचे नाही’, विमा कंपनीत गेले तर ‘तुम्हाला काय सांगितले ते बँकेला विचारा’.

किरकोळ ग्राहकांसाठी छापलेला मजकूर इंग्रजी आणि हिंदीबरोबर प्रादेशिक भाषेतही असावा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत, हे मला नंतर समजले. मुंबईत, महाराष्ट्राच्या राजधानीत, मराठी अर्ज मागितला की समोरचा माणूस असा पाहतो, जणू मी मोडी लिपीत मागितला आहे. मी चार शाखांत मागून पाहिला. एका ठिकाणी २०१४ सालचा मिळाला, त्यावर चहाचा डाग होता.

खुला बाजार

बाईंबद्दल वाईट वाटते, पण त्यांच्या अनुभवाने माझेच म्हणणे सिद्ध होते. निर्देश होते, विमा नियामक होता, पॉलिसी परत करण्याची मुदतही होती. त्यांपैकी काय उपयोगी पडले?

विलेपार्ल्याच्या बाई

पॉलिसीचा कागद घरी पोहोचल्यापासून ती परत करण्यास पंधरा दिवस मिळत असत. ते मला सोळाव्या दिवशी नव्हे, आठव्या महिन्यात कळले. आता ती मुदत तीस दिवस झाली आहे असे म्हणतात. शेवटी विमा लोकपालांकडे साध्या कागदावर अर्ज केला, वकील लागला नाही, शुल्क लागले नाही, आणि भरलेला हप्ता परत मिळाला. सात महिने लागले. उपयोग झाला की नाही हे आपण ठरवू नये. दीड लाख माझे होते.

फोर्टचा वकील

बाईंचा जो चेंडू झाला, त्यावर उपाय सुचवून ठेवलेला आहे. वित्तीय कायद्यांतील सुधारणांसाठी नेमलेल्या, न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २०१३ च्या अहवालात असे सुचवले की, बँक, विमा, रोखे यांची वेगवेगळी दारे ठोठावण्याऐवजी ग्राहकासाठी तक्रारनिवारणाची एकच यंत्रणा असावी. ते राहिले बाजूला. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्या तीन लोकपाल योजना एकत्र केल्या, तेवढाच काय तो ताळमेळ. बँकेने विमा विकला की गाडी पुन्हा रुळांच्या सांध्यावर अडकते.

खजिनदार ताई, चेंबूर

सांध्याचा विषय निघालाच आहे तर माझी अडचण ऐका, कारण येथे कोणालाच ती दिसलेली नाही.

आमची गृहनिर्माण सोसायटी अठ्ठेचाळीस सदनिकांची. इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला निधी बासष्ट लाख. ज्या सहकारी बँकेत तो होता (नाव लिहीत नाही, वाद नको) तिच्यावर निर्बंध आले. ठेवविम्याचे संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपये. कायद्याच्या दृष्टीने आमची सोसायटी हा ‘एक’ ठेवीदार. अठ्ठेचाळीस कुटुंबांच्या वाट्याला प्रत्येकी दहा हजार चारशे रुपयांचे संरक्षण. गच्चीतून पाणी गळत होते, कंत्राटदाराला आगाऊ रक्कम द्यायची होती, आणि मी खजिनदार असल्यामुळे जिन्यात भेटणारा प्रत्येक जण मला विचारत होता की माझे पैसे कोठे आहेत.

आता ‘खुला बाजार’ म्हणतील की बँक नीट निवडायची होती. अहो, सोसायटीने निधी कोठे गुंतवायचा हे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम ७० सांगते, आणि त्या कलमाचा ओढा सहकारी बँकांकडेच आहे. एका हाताने सरकारने आम्हाला त्या दाराशी नेले आणि दुसऱ्या हाताने पाच लाखांची छत्री दिली, तीही अठ्ठेचाळीस जणांत एक.

खुला बाजार

हा मुद्दा मात्र खरा आहे. परंतु यात दोषी कोण? ग्राहकाला निवड नाकारणारा कायदा. माझ्याच बाजूने बोलल्याबद्दल ताईंचे आभार. सहकारी बँका हे राजकारण्यांनी भावनेच्या आधारावर चालवलेले दुकान आहे, आणि मराठी माणूस ‘आपली बँक’ म्हणत त्यात पैसे टाकत राहतो.

गिरगावकर

‘भावनेचे दुकान’ हे शब्द मागे घ्यावेत.

१९८३ साली मी छपाईचा छोटा व्यवसाय सुरू करण्यासाठी तीन मोठ्या बँकांच्या पायऱ्या झिजवल्या. तारण काय, वडील काय करतात, असे विचारण्यात आले. वडील गिरणीत होते, आणि त्या वेळी गिरण्या संपात होत्या. एकाही व्यवस्थापकाने मला खुर्ची दिली नाही. दोन गाळे सोडून असलेल्या सहकारी बँकेने आठ हजार रुपये दिले, ते केवळ तिचा एक संचालक माझ्या वडिलांना ओळखत होता म्हणून. त्या आठ हजारांवर माझी दोन मुले शिकली. आपण ज्या अर्थी ‘मराठी माणूस पैसे टाकत राहतो’ असे लिहिता, त्या अर्थी आपल्याला कर्ज नाकारले जाण्याचा अनुभव नसावा.

आणि माहितीसाठी : न्यू इंडिया सहकारी बँकेच्या तिजोरीतून १२२ कोटींचा अपहार झाल्याचे उघड होऊन फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्यावर निर्बंध आले, तेव्हा तिला ४ ऑगस्ट २०२५ रोजी पोटात घेतले ते सारस्वत बँकेने. १९१८ सालची, सहकारी, मुंबईची. आपला खुला बाजार त्या सकाळी कोठे फिरायला गेला होता?

खुला बाजार

संचालक वडिलांना ओळखत होता म्हणून कर्ज मिळाले, हे आपण अभिमानाने लिहिता, आणि नेमक्या त्याच ओळखीने मोठमोठ्या बिल्डरांना कर्जे मिळून बँका बुडतात, हे आपल्या लक्षात येत नाही. आठ हजार आणि हजारो कोटी यांत फरक फक्त शून्यांचा आहे.

गिरगावकर

फरक परतफेडीचा आहे. मी फेडले.

मुलुंडचा हिशेबनीस

कृपया दोघांनीही आवाज खाली आणावा. धागा बँकांच्या जातीबद्दल नाही. तरीही सहकाराचा विषय निघाला आहे तर हिशेबाचे बोलतो, कारण सगळ्यांत जास्त राग मला येथेच येतो. ठेवविमा आपल्याकडे १९६० साली पलाई सेंट्रल बँक कोसळल्यानंतरच्या कायद्याने आला. १९९३ मध्ये त्याची मर्यादा १ लाख झाली आणि २०२० पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, तेवढीच राहिली. या काळात मुलुंडमधील घरांच्या किमती कोठून कोठे गेल्या हे मी सांगायला नको. मग पंजाब अँड महाराष्ट्रचे ठेवीदार रस्त्यावर बसले, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा पाच लाख झाली. त्यानंतर २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन, निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याचे बंधन आले. तोवर बँकेचे दिवाळे निघेपर्यंत ठेवीदाराने वर्षानुवर्षे ताटकळायचे, अशी रीत होती. सहकारी बँकांवर सहकार निबंधक आणि रिझर्व्ह बँक अशा दोन मालकांचा अंमल होता, आणि दोन घरचा पाहुणा उपाशी या न्यायाने ठेवीदाराकडे कोणीच पाहत नव्हते. रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवणारी दुरुस्ती २०२० मध्ये झाली, तीही बैल गेल्यावर.

म्हणून ‘खुला बाजार’ यांना मी एवढे मान्य करतो की, आपले सरकार गोठा बांधते तो बहुधा बैल गेल्यावरच. पण पुढचा बैल त्याच गोठ्यात वाचतो, हे त्यांनी मान्य करावे. ज्यांचे पाच लाखांहून अधिक अडकले होते, त्या पंजाब अँड महाराष्ट्रच्या ठेवीदारांना दुसऱ्या बँकेतील विलीनीकरणाच्या योजनेत दहा वर्षांपर्यंत वाट पाहायला सांगण्यात आले. न्यू इंडियाच्या ठेवीदारांची ठेव सहा महिन्यांच्या आत चालत्या बँकेकडे गेली.

शेवटची लोकल

सर्व ज्येष्ठांच्या चर्चेत मुदतठेवी आणि दस्त आहेत. माझ्या पिढीकडे दोन्ही नाहीत, त्यामुळे आमची बाजू मांडतो. २०२१ मध्ये नोकरी गेली तेव्हा मोबाइलवरील एका अ‍ॅपवरून १५,००० रुपयांचे कर्ज घेतले. हातात ९,००० आले, बाकीचे ‘शुल्क’. मुदत सात दिवस. आठव्या दिवशी त्यांनी माझ्या फोनमधील यादी उघडली आणि माझ्या जुन्या वरिष्ठांना, घरमालकाला, इतकेच काय, गॅसचे सिलिंडर आणून देणाऱ्या माणसाला संदेश पाठवले की मी चोर आहे. सिलिंडरवाल्याने पुढच्या वेळी पैसे आधी मागितले.

लोकपालांकडे गेलो. ती कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेलीच नव्हती, त्यामुळे तक्रार योजनेत बसली नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२२ च्या नियमांनी कर्ज देणाऱ्या अ‍ॅपना फोनमधील संपर्कयादीला हात लावण्यास मनाई केली, पैसा थेट कर्जदाराच्या खात्यात गेला पाहिजे असे ठरवले, आणि वसुलीचे फोन सकाळी आठ ते संध्याकाळी सात याच वेळेत करावेत असेही त्याच वर्षी बजावले गेले. माझ्यासाठी उशीर झाला. मला काकांचे पटते आणि ‘खुला बाजार’ यांचेही थोडे पटते : जो चोर नोंदणीच करत नाही, त्याला नियमावली कोण वाचून दाखवणार?

फोर्टचा वकील

पोलीस. अनोंदणीकृत ठेवी आणि सावकारी हा गुन्ह्यांचा प्रांत आहे. मोठ्या परताव्याच्या आमिषाने पैसे गोळा करणाऱ्या टोरेसच्या दादरमधील दुकानाबाहेर जानेवारी २०२५ मध्ये जमलेली गर्दी आठवा. तेथे लोकपाल नव्हे, आर्थिक गुन्हे शाखाच लागते, आणि ठेवीदारांच्या हितासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे. ही दोन कामे एकाच तराजूत घालून ‘संरक्षण निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढणे बरोबर नाही.

मूळ प्रश्नाकडे यायचे तर माझ्या मते रिझर्व्ह बँकेचे जुलै २०१७ चे परिपत्रक सर्वांत मोलाचे आहे. ग्राहकाची आणि बँकेचीही चूक नसताना खात्यातून पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तोटा ग्राहकाचा नाही. बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात दाखवायची. आणि ग्राहक जबाबदार होता हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. ही शेवटची ओळ काढून टाका आणि मग एखाद्या घरकामगार स्त्रीने बँकेच्या संगणकात काय घडले हे कसे सिद्ध करायचे, ते मला सांगा.

खुला बाजार

वकिलांनी हे सांगितले नाही की बँका लगेच म्हणतात, ‘तुम्हीच ओटीपी दिला’, आणि ग्राहकाचा हलगर्जीपणा ठरला की कळवेपर्यंतचा सारा तोटा त्याच्या माथी येतो.

फोर्टचा वकील

सांगितले नाही, कारण आपण सांगाल याची खात्री होती. होय, तेथे अन्याय होतो. म्हणून नियम अधिक कडक हवा. आपण तो नको म्हणत आहात.

खुला बाजार

बरे. आता मी एक कबुली देतो, आणि ती दिल्यावर येथे पेढे वाटले जाऊ नयेत. दोन वर्षांपूर्वी एटीएममधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून वजा झाले. बाराव्या दिवशी रक्कम परत आली, सोबत ७०० रुपये जास्त. मला वाटले बँकेची चूक झाली. चौकशी केली तेव्हा कळले की २०१९ च्या नियमानुसार पाच दिवसांनंतर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाने न मागता द्यायची असते. मी अर्ज केला नव्हता, कोणाच्या दारात उभा राहिलो नव्हतो, कोणी माझे बोटही धरले नाही. असे नियम मला चालतात. ज्यांसाठी सात महिने सरकारी दारात बसावे लागते, ते चालत नाहीत.

विलेपार्ल्याच्या बाई

म्हणजे ते ७०० रुपये आपण परत केले नाहीत.

गिरगावकर

बाई, त्यांनी भावनेच्या भरात ठेवून घेतले असतील.

मुलुंडचा हिशेबनीस

मी दस्तांच्या दिवसाला ५,००० रुपयांबद्दल हेच लिहिले होते. ‘खुला बाजार’ यांना स्वतःचा मुद्दा म्हणून ते अधिक आवडले असेल तर माझी हरकत नाही.

खजिनदार ताई, चेंबूर

आपले सर्वांचे एकमत झाले असेल तर माझ्या प्रश्नाचे उत्तर द्या. त्या बँकेतून पैसे अखेर सुटले आहेत. बासष्ट लाख पाच-पाच लाखांत विभागायचे म्हटले तर तेरा बँका लागतात. तेरा पासबुके, तेरा ठिकाणी तीन पदाधिकाऱ्यांच्या सह्या, आणि आमचे अध्यक्ष वर्षातील सहा महिने पुण्याला मुलीकडे असतात. मंगळवारी सभा आहे.

मुलुंडचा हिशेबनीस

ताई, दुरुस्तीचे काम या वर्षी निघणारच असेल तर त्याची रक्कम आधी बाजूला काढा. विभागायची रक्कम आपोआप कमी होईल. उरलेल्या रकमेसाठी प्रत्येक बँकेचा तीन वर्षांचा ताळेबंद मागवून बुडीत कर्जांचे प्रमाण सभेपुढे ठेवा, आणि कलम ७० मध्ये बसणाऱ्या बँकांची यादी उपनिबंधकांकडून लेखी घ्या. लेखीच घ्या.

खुला बाजार

आणि अध्यक्ष बदला.

खजिनदार ताई, चेंबूर

अध्यक्ष माझे सासरे आहेत.